बाळंतपणाची रजा, स्टोअरची बदली आणि समेटाच्या तीन बैठका

हे प्रकरण २०२३ सालचं, चाकण औद्योगिक वसाहतीतल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातलं. तक्रारदार तिथली कायम कामगार होती आणि मी तिच्या बाजूने सल्लागार म्हणून बसत होते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला इथे सुनंदा म्हणते. लिहून झाल्यावर हा मजकूर तिला वाचून दाखवला. तिने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे.

कायद्यांचे उल्लेख त्या वेळच्या कायद्यांचे आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. मातृत्व लाभ कायदा आणि औद्योगिक विवाद कायदा हे दोन्ही त्यांत सामावले गेले, त्यामुळे आज अर्ज करताना कलमं वेगळी येतील.

पार्श्वभूमी

सुनंदा डिप्लोमा झालेली. नऊ वर्षं नोकरी, त्यातली सात कायम. गुणवत्ता विभागात अंतिम तपासणीला होती. तिच्या टेबलावर ग्रॅनाइटची सरफेस प्लेट, मायक्रोमीटर आणि गेजचा ट्रे. शाफ्ट हातात घ्यायचा, पुसायचा, मापायचा आणि बरोबर असेल तर टॅगवर शिक्का मारायचा. प्रत्येक तपासनिसाचा शिक्का वेगळा, त्यावर त्याचा क्रमांक. तिचा १४. ग्राहकाकडून माल परत आला तर शिक्क्यावरून माणूस सापडतो, म्हणून तो शिक्का कुणी कुणाला देत नाही. हे ती मला पहिल्याच भेटीत पाच मिनिटं समजावत होती. तेव्हा मला ते मुद्द्याला सोडून वाटलं होतं.

८ ऑगस्ट २०२२ ते ५ फेब्रुवारी २०२३ अशी तिने २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा घेतली. मूळ पगार आणि भत्ते धरून महिन्याला २७,४०० रुपये मिळत. म्हणजे ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) २१,००० रुपयांच्या मर्यादेबाहेर, त्यामुळे रजेचा पगार कंपनीनेच दिला. तो वेळेवर आणि पूर्ण दिला, याची नोंद केली पाहिजे. कंपनी कायदा मुळीच पाळत नव्हती, असं हे प्रकरण नाही.

६ फेब्रुवारीला, सोमवारी, ती सकाळच्या बसने कामावर आली. टाइम ऑफिसच्या खिडकीतूनच तिच्या हातात पत्र दिलं गेलं: ‘कामाच्या गरजेनुसार आपली बदली स्टोअर विभागात करण्यात येत आहे.’ तिच्या टेबलावर एक तरुण मुलगा बसला होता, मुदतीच्या करारावरचा. १४ नंबरचा शिक्का त्याच्याकडे होता.

तक्रार नेमकी काय होती

स्टोअरमध्ये बिन कार्डं, म्हणजे मालाच्या साठ्याची नोंदकार्डं, भरायची आणि माल मोजून द्यायचा. मूळ पगाराला हात लावला नव्हता. पण गुणवत्ता विभागाचा १,८०० रुपयांचा कौशल्य भत्ता बंद झाला. मग एप्रिलमध्ये वार्षिक वाढीची पत्रं वाटली गेली, त्यात तिच्या नावापुढे ‘मूल्यमापन लागू नाही’ असा शेरा होता आणि वाढ शून्य. वर्षात नऊ महिने हजेरी भरली नाही तर मूल्यमापन होत नाही, असा नियम तिला दाखवला गेला.

तिसरी गोष्ट तिने बऱ्याच उशिरा सांगितली. बाळ पाच-साडेपाच महिन्यांचं. घर राजगुरुनगरच्या पलीकडे, बाळ सासूबाईंकडे. सकाळी अकरा वाजेपर्यंत छाती दगडासारखी व्हायची. स्टोअरमागच्या बायकांच्या शौचालयात उभी राहून ती दूध बेसिनमध्ये काढून टाकायची आणि नळ सोडायची. एकदा गणवेश ओला झाला, तेव्हा तिने दिवसभर बिन कार्डांची पाटी छातीशी धरली. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीशिवाय दोन जादा सुट्ट्या द्याव्यात, असं कायदा सांगतो. पण त्या वेळेत बाळापर्यंत जाऊन येता येत नाही. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं, असंही २०१७च्या दुरुस्तीनंतर कायद्यात आहे. इथे ते नव्हतं.

कोणते पर्याय होते

ती माझ्याकडे आली १९ एप्रिलला. बदलीच्या पत्राला त्या दिवशी ७२ दिवस झाले होते. मधले अडीच महिने तिने एचआरकडे दोनदा तोंडी आणि एकदा ईमेलवर विचारणा केली होती. उत्तर एकच: “मॅडम, स्टोअरला बसून काम आहे. तुमच्या सोयीसाठीच केलंय.”

नोकरी सोडावी, असं सासरच्यांचं मत होतं. ते तिने पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं.

मातृत्व लाभ कायद्याखालच्या निरीक्षकाकडे जाता आलं असतं. पण त्याचा अधिकार मुख्यतः अडवलेला लाभ मिळवून देणं आणि रजेच्या काळात किंवा रजेमुळे कामावरून काढलं असेल तर त्यात लक्ष घालणं एवढाच. रजेमुळे सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलू नयेत, असं त्याच कायद्याच्या १२व्या कलमात आहे. पण भत्ता पदाचा आहे, व्यक्तीचा नाही, हा कंपनीचा बचाव तयारच होता.

दुसरा रस्ता औद्योगिक न्यायालयाचा. महाराष्ट्रात १९७१चा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा कायदा आहे, त्याच्या चौथ्या अनुसूचीत दुष्ट हेतूने केलेली बदली आणि गुणवत्ता न पाहता केलेला पक्षपात या दोन्ही गोष्टी येतात. फायदा असा की कामगार एकटा तक्रार करू शकतो, युनियन लागत नाही. अडचण अशी की घटनेपासून ९० दिवसांत तक्रार दाखल व्हावी लागते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं. आमच्या हातात १८ दिवस होते. शिवाय ‘दुष्ट हेतू’ सिद्ध करायचा म्हणजे साहेबांच्या मनात काय होतं ते सिद्ध करायचं, आणि तोपर्यंत बाळ शाळेत गेलं असतं.

तिसरा रस्ता कामगार आयुक्तांच्या कार्यालयातला समेट. औद्योगिक विवाद कायद्याखाली समेट अधिकारी दोन्ही बाजूंना समोर बसवतो. इथे एक पेच आहे आणि तो अनेक कामगारांना ठाऊक नसतो. एकट्या कामगाराचा विवाद ‘औद्योगिक विवाद’ ठरतो तो फक्त कामावरून काढण्याच्या प्रकरणात. बदली, भत्ता, वाढ यासाठी युनियनने किंवा बऱ्याच कामगारांनी तो विवाद आपला म्हणून उचलावा लागतो. आणि १९७१च्या कायद्याचं ५९वं कलम असं की एका कायद्याखाली कार्यवाही सुरू केली की त्याच विषयासाठी दुसरं दार बंद. त्यामुळे दोन्हीकडे एकदम हात घालता येत नाही.

म्हणून मी न्यायालयाच्या तक्रारीचा मसुदा तयार करून पिशवीत ठेवला आणि आम्ही युनियनकडे गेलो. ठरवलं असं: ५ मेपर्यंत युनियनने पत्र दिलं तर समेट, नाहीतर त्याच दिवशी औद्योगिक न्यायालय.

युनियनच्या खोलीत

युनियन कारखान्यातलीच, समितीत नऊ जण, बाई एकही नाही. वेतनकराराची बोलणी चालू होती. अध्यक्षांनी स्पष्ट सांगितलं, “ताई, तिचं चुकीचं नाही. पण आत्ता मॅनेजमेंटला टोचलं तर करार लांबेल. तीनशे घरांचा प्रश्न आहे.” हे बोलणं मी हलक्यात घेतलं नाही. करार एक महिना लांबला तर त्याची झळ सगळ्यांनाच बसते.

मी समितीला एवढंच विचारलं, की तुमच्यापैकी कुणाला अपघात झाला, सहा महिने घरी राहावं लागलं आणि परत आल्यावर मशीन दुसऱ्याचं झालेलं दिसलं, तर युनियन काय करेल? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यातला एक जुना टर्नर म्हणाला, “अहो, गेल्या वर्षी आपल्या प्रेस शॉपमधल्या त्याचा पाय मोडला होता की. पाच महिने घरी होता. आल्यावर त्याच प्रेसवर उभा राहिला. वाढ पण मिळाली त्याला.”

या वाक्याने प्रकरण फिरलं. समेटासाठी युनियन लागते, ही मला तोपर्यंत नुसती अडचण वाटत होती. पण हा दाखला माझ्या कुठल्याच कागदात नव्हता आणि सुनंदालाही माहीत नव्हता. तो फक्त त्या खोलीत मिळाला. आम्ही त्या कामगाराला भेटलो. त्याने काही न विचारता स्वतःच्या वाढीच्या पत्राची झेरॉक्स काढून दिली. हजर असलेल्या महिन्यांवर त्याचं मूल्यमापन झालं होतं.

३ मेला समितीने ठराव केला, नऊपैकी पाच जण बाजूने. ४ मेला युनियनच्या लेटरहेडवर कामगार कार्यालयात पत्र गेलं. माझ्या पिशवीतला मसुदा पिशवीतच राहिला.

समेटाच्या बैठका

पहिली बैठक १८ मेला. कंपनीकडून आलेल्या एचआर अधिकाऱ्यांना काहीही कबूल करायचा अधिकार नव्हता. त्यांनी नेमणूकपत्रातलं बदलीचं कलम वाचून दाखवलं आणि मग मनापासून म्हणाले, “आम्ही त्यांच्या भल्याचाच विचार केला.”

सुनंदा तोवर गप्प होती. ती म्हणाली, “साहेब, मला विचारलं होतंत का?”

त्यांनी विचारलं नव्हतं. मला वाटतं ते खोटं बोलत नव्हते. बाळंतीण बाईला मशीनच्या आवाजापासून, उभं राहण्यापासून लांब ठेवावं, असं त्यांना खरंच वाटलं असावं. कामाच्या ठिकाणचा भेदभाव बहुतेक वेळा असाच येतो, काळजीच्या भाषेत. म्हणून ‘तुमचा हेतू वाईट होता’ असं म्हणत राहिलं की समोरचा दुखावतो, हट्टाला पेटतो आणि बोलणं तिथेच थांबतं. समेट अधिकाऱ्यांनी हे ओळखलं. त्यांनी कंपनीला सांगितलं, पुढच्या वेळी निर्णय घेऊ शकेल असा माणूस पाठवा. आणि आम्हाला सांगितलं, ‘भेदभाव’ हा शब्द अर्जात राहू द्या, टेबलावर फक्त कागद ठेवा.

१ जूनच्या बैठकीला प्लँट हेड स्वतः आले. आम्ही दोन कागद शेजारी ठेवले: पाय मोडलेल्या कामगाराचं वाढीचं पत्र आणि सुनंदाचं. दोघेही कायम, दोघांचीही अनुपस्थिती मंजूर रजेची. तो पाच महिने घरी होता. ती मूल्यमापनाच्या वर्षात सहा महिन्यांच्या आसपास. एकाला जागा आणि वाढ दोन्ही परत, दुसरीला दोन्ही नाही. अधिकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला: “नऊ महिन्यांचा नियम त्याला का लावला नाही?” एचआर म्हणाले, ते विशेष बाब म्हणून केलं होतं. “मग अपघात विशेष बाब आणि बाळंतपण नाही, हे कुठे लिहिलंय?”

प्लँट हेडनी दोन्ही कागद हातात घेऊन बराच वेळ वाचले. मग म्हणाले, “हे मला माहीत नव्हतं. वाढीचं आजच सोडवू.”

याच बैठकीत अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजूंशी वेगवेगळं बोलून घेतलं. शौचालयातली गोष्ट सुनंदाने तेव्हा सांगितली, खोलीत फक्त अधिकारी आणि मी असताना. ती सगळ्यांसमोर कधीच बोलली नसती आणि तिने बोलावं अशी अपेक्षाही कुणी ठेवू नये. अधिकाऱ्यांनी ती कंपनीपुढे तिच्या नावाने न मांडता ‘कारखान्यात दूध काढायला स्वच्छ जागा आहे का’ अशा साध्या प्रश्नाने मांडली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. लैंगिक छळाची तक्रार असती तर मी तिला या वाटेने आणलं नसतं. त्यासाठी २०१३चा वेगळा कायदा आहे. त्यात समेट फक्त तक्रारदार स्त्रीनेच मागितला तर होतो आणि पैशाच्या आधारावर तडजोड करता येत नाही. समोरासमोर बसवणं प्रत्येक तक्रारीला चालत नाही.

करार कोणत्या स्वरूपाचा

तिसऱ्या बैठकीआधी, १५ जूनच्या, कंपनीने प्रस्ताव ठेवला: सुनंदाचं सगळं मान्य, पण आपसात करार करू, समेट अधिकाऱ्यांची सही नको आणि बाहेर वाच्यता नको. पैसे त्याच आठवड्यात मिळणार होते.

फरक मोठा होता. समेटाबाहेर केलेला करार फक्त सही करणाऱ्यांना बांधतो. समेट कार्यवाहीत झालेला, औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १२(३)चा करार आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना लागू होतो, नंतर नोकरीला लागणाऱ्यांनाही. कारखान्यात तेव्हा ३१ बायका होत्या. सुनंदाला मी दोन्ही समजावून सांगितलं आणि निर्णय तिच्यावर सोडला. ती म्हणाली, “असेंब्लीतली एक पोरगी मार्चमध्ये लग्न होऊन आलीय. तिला परत पहिल्यापासून हे सगळं?” आम्ही १२(३)वर थांबलो.

कलमं अशी ठरली. १ जुलैपासून सुनंदा गुणवत्ता विभागात, त्याच श्रेणीत. कौशल्य भत्त्याची थकबाकी फेब्रुवारी पूर्ण धरून पाच महिन्यांची, ९,००० रुपये. वार्षिक वाढ १,२५० रुपये १ एप्रिलपासून, तिची तीन महिन्यांची थकबाकी ३,७५०. मूल्यमापनासाठी बाळंतपणाची रजा गैरहजेरी धरायची नाही, हे सगळ्यांना लागू. प्रथमोपचार खोलीशेजारी कडी लागणारी, फ्रिज असलेली खोली ३१ जुलैपर्यंत. दोन सुट्ट्यांसाठी गेटपास लागणार नाही. आणि पाळणाघरासाठी ‘शेजारच्या आस्थापनांशी चर्चा करून सहा महिन्यांत प्रयत्न केला जाईल’.

अडलं ते बदलीच्या पत्रावर. सुनंदाला ते ‘रद्द’ हवं होतं. कंपनी ‘सुधारित आदेश’ म्हणायला तयार होती, त्यापुढे नाही. रद्द म्हटलं की चूक कबूल केल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं. माफीचा विषय तर त्यांनी काढूच दिला नाही. सुनंदाने एक रात्र मागून घेतली. १६ जूनला सकाळी आली आणि सही केली. “पत्र फाईलला राहू दे. मला टेबल हवंय,” म्हणाली. मला तेव्हा वाटलं आणखी थोडं ताणता आलं असतं. आजही वाटतं. पण ती कारखान्यात रोज जाणार होती, मी नाही.

पुढे काय झालं

३ जुलैला ती टेबलावर परत बसली. १४ नंबरचा शिक्का तिने मागितला. गुणवत्ता प्रमुखांनी सांगितलं, पाच महिने तो दुसऱ्याच्या नावावर नोंदला गेलाय, आता परत दिला तर नोंदींत घोळ होईल, नवा २२ नंबर घ्या. तिला वाईट वाटलं, पण तपासनीस म्हणून तिला ते पटलं. तिने २२ घेतला.

थकबाकी जुलैच्या पगारात आली. खोली ३१ जुलैला नाही, १९ ऑगस्टला तयार झाली. बाळ तेव्हा वर्षाचं होत आलं होतं, म्हणजे ज्या महिन्यांत गरज सगळ्यात जास्त होती ते निघून गेले होते. तरी तिने ती वापरली. विभागात दोन-तीन महिने लोक तुटक वागले, डब्याला बोलावत नसत. ते करारात बसत नाही आणि त्यावर तक्रारही होत नाही.

असेंब्लीतली ती मुलगी पुढच्या वर्षी रजेवर गेली आणि परत आल्यावर तिच्या जागेवर बसली. कुणाला काही विचारावं लागलं नाही. पाळणाघर सहा महिन्यांत झालं नाही. ती मागणी युनियनच्या मागणीपत्रात गेली.

आज वेगळं काय केलं असतं

पहिलं, ‘प्रयत्न केला जाईल’ ही शब्दरचना मी मान्य करायला नको होती. ज्या कलमात तारीख आणि जबाबदार माणूस होता ते उशिरा का होईना, पाळलं गेलं. ज्यात नव्हतं ते नाही. पाळणाघर ही कायद्याचीच अट होती. कायद्याने जे द्यायचंच आहे ते ‘प्रयत्न’ म्हणून लिहून घेणं म्हणजे आपणच ते सैल करणं. करार मोडला तर १९७१च्या कायद्याखाली ती अनुचित प्रथा ठरते, पण प्रयत्न केला नाही हे सिद्ध कसं करायचं?

दुसरं, दूध काढायच्या जागेचा प्रश्न पहिल्या दिवशी वेगळा काढून एचआरकडे न्यायला हवा होता. त्याला ना युनियन लागत होती ना करार. मी तो बाकीच्या मागण्यांच्या गाठोड्यात बांधला आणि त्याच्या वाट्याला चार महिने आले. तिने तो मला उशिरा सांगितला हे खरं, पण पाच महिन्यांचं बाळ घरी ठेवून आलेल्या बाईला मी स्वतःहून विचारायला हवं होतं.

तिसरं सांगताना मला आजही जड जातं. सुनंदाच्या जागी बसलेला तो मुलगा. त्याने काही मागितलं नव्हतं, त्याला बसवलं गेलं होतं. तिन्ही बैठकांत त्याचं नावही निघालं नाही. जुलैमध्ये कंपनीने त्याला स्टोअरमध्ये पाठवलं आणि डिसेंबरमध्ये त्याचा करार संपला, तो वाढवला नाही. करारात एक ओळ घालता आली असती, की या फेरबदलामुळे कुणाच्या नेमणुकीवर परिणाम होणार नाही. ती ओळ कदाचित मान्यही झाली असती, कारण त्या दिवशी प्लँट हेड देण्याच्या मनःस्थितीत होते. मी मागितली नाही. सुनंदाने मजकूर ऐकताना ज्या दोन दुरुस्त्या सांगितल्या, त्यांतली एक याच परिच्छेदाची होती. मी आधी फक्त ‘त्याची बदली झाली’ असं लिहिलं होतं. ती म्हणाली, “ताई, त्याचा डिसेंबरचा पण लिहा.”